कर्नाटकचा रणजी संघ : अकरा वर्षांच्या अपयशाचे निदान

२८ फेब्रुवारी २०२६ रोजी हुबळीच्या राजनगर भागातील कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित संपला आणि पहिल्या डावातील २९१ धावांच्या आघाडीच्या बळावर जम्मू-काश्मीरने आपल्या इतिहासातील पहिले विजेतेपद पटकावले. १९५९-६० च्या हंगामापासून या स्पर्धेत खेळणाऱ्या संघाच्या दीर्घ प्रतीक्षेचे चीज झाले, म्हणून देशभर त्याचे कौतुक झाले आणि ते यथायोग्यच होते. मात्र त्याच मैदानावर दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या यजमान संघाची कथा वेगळी होती. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, करुण नायर, प्रसिध कृष्णा आणि कर्णधार देवदत्त पडिक्कल असे पाच कसोटीपटू घेऊन उतरलेल्या कर्नाटकला घरच्या प्रेक्षकांसमोर पाच दिवसांत एकदाही सामन्यावर पकड मिळवता आली नाही.

कर्नाटकने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो मार्च २०१५ मध्ये. तेव्हापासून हा संघ दुबळा झाला, असे कोणी म्हणत नाही. बाद फेरी त्याला सहसा चुकत नाही आणि भारतीय संघाला खेळाडू पुरवण्यातही तो मागे नाही. तरीही करंडक मिळत नाही. एखादा बलाढ्य संघ वर्षानुवर्षे आपल्या कुवतीपेक्षा कमी का ठरतो, हा क्रीडाविश्वातील जुना प्रश्न आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये बफेलो बिल्स हा संघ १९९१ ते १९९४ या काळात सलग चार वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारही वेळा हरला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला ‘चोकर्स’ हे दूषण लॉर्ड्सवर जून २०२५ मध्ये कसोटी अजिंक्यपद जिंकेपर्यंत चिकटून होते. अशा संघांविषयी ‘दडपण पेलवत नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु ते निदान नव्हे. निदानासाठी धावफलक उघडून पाहावे लागतात.

वारसा

१९७३ पर्यंत म्हैसूर या नावाने खेळणाऱ्या या संघाने १९७३-७४ मध्ये पहिले विजेतेपद मिळवले, तेही मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका खंडित करून. त्यानंतर १९७७-७८, १९८२-८३, १९९५-९६, १९९७-९८ आणि १९९८-९९ अशी विजेतेपदे आली. पुढे पंधरा वर्षांचा खंड पडला. २०१३-१४ आणि २०१४-१५ या दोन हंगामांत मात्र विनय कुमारच्या नेतृत्वाखाली कर्नाटकने रणजी, इराणी आणि विजय हजारे हे तिन्ही करंडक सलग दोनदा जिंकण्याचा पराक्रम केला. एकूण आठ रणजी विजेतेपदांसह मुंबईनंतर कर्नाटकचेच नाव घेतले जाते.

२०१४-१५ चा अंतिम सामना त्या संघाच्या ताकदीचा नमुना होता. वानखेडेवर तमिळनाडूला १३४ धावांत गुंडाळल्यानंतर कर्नाटकने ७६२ धावा केल्या. करुण नायरने ३२८ आणि राहुलने १८८ धावा काढल्या. सामना एक डाव आणि २१७ धावांनी जिंकला. पुढील अकरा वर्षांत हा संघ करंडकापासून दूर राहील, असे भाकीत त्या दिवशी कोणी केले नसते.

दहा हंगामांचा ताळेबंद

२०२०-२१ मध्ये कोविडमुळे स्पर्धा झाली नाही. ते वर्ष वगळता २०१५-१६ ते २०२५-२६ या काळात दहा हंगाम झाले. त्यांपैकी २०१५-१६ आणि २०२४-२५ या दोनच हंगामांत कर्नाटक साखळीत गारद झाले. उरलेल्या आठ हंगामांचा शेवट असा झाला :

२०१६-१७, उपांत्यपूर्व फेरी, विशाखापट्टणम : तमिळनाडूकडून ७ गड्यांनी पराभव. कर्नाटक ८८ आणि १५०.

२०१७-१८, उपांत्य फेरी, कोलकाता : विदर्भाकडून ५ धावांनी पराभव. कर्नाटक ३०१ आणि १९२.

२०१८-१९, उपांत्य फेरी, बंगळूर : सौराष्ट्रकडून ५ गड्यांनी पराभव. कर्नाटक २७५ आणि २३९.

२०१९-२०, उपांत्य फेरी, कोलकाता : बंगालकडून १७४ धावांनी पराभव. कर्नाटक १२२ आणि १७७.

२०२१-२२, उपांत्यपूर्व फेरी, आलूर : उत्तर प्रदेशकडून ५ गड्यांनी पराभव. कर्नाटक २५३ आणि ११४.

२०२२-२३, उपांत्य फेरी, बंगळूर : सौराष्ट्रकडून ४ गड्यांनी पराभव. कर्नाटक ४०७ आणि २३४.

२०२३-२४, उपांत्यपूर्व फेरी, नागपूर : विदर्भाकडून १२७ धावांनी पराभव. कर्नाटक २८६ आणि २४३.

२०२५-२६, अंतिम फेरी, हुबळी : जम्मू-काश्मीरला पहिल्या डावाच्या आघाडीवर विजेतेपद. कर्नाटक २९३; दुसरा डाव खेळण्याची वेळच आली नाही.

दहापैकी आठ वेळा बाद फेरी, पाच वेळा किमान उपांत्य फेरी आणि एकदा अंतिम सामना. कोणत्याही संघाने अभिमान बाळगावा अशी ही कामगिरी आहे. दुखणे नेमके बाद फेरीतील त्या एका सामन्यात आहे.

नेहमीची उत्तरे

या अपयशाची चार कारणे सर्रास दिली जातात. ती एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

पहिले कारण नशिबाचे. बाद फेरीत विजेतेपदासाठी सलग तीन सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ६० टक्के असलेला सरस संघ धरला, तरी तिन्ही सामने जिंकण्याची त्याची शक्यता साधारण २२ टक्केच भरते. म्हणजे सरस संघही पाचपैकी जवळपास चार वेळा रिकाम्या हाताने परततो. या दृष्टीने एखाददुसऱ्या पराभवावरून संघाला दोष देणे अन्यायाचे ठरते. पण असा संघ आठ वेळा बाद फेरीत जाऊन एकदाही विजेता न होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, म्हणजे सातांत एक आहे. दुर्दैवाचा वाटा त्यामुळे नाकारता येत नाही. सगळा भार मात्र त्याच्यावर टाकता येत नाही.

दुसरे कारण राष्ट्रीय संघाच्या बोलावण्याचे. त्यात निश्चितच तथ्य आहे. डिसेंबर २०१७ मध्ये विदर्भाविरुद्धचा उपांत्य सामना अवघ्या ५ धावांनी हातचा गेला, तेव्हा राहुल आणि मनीष पांडे भारतीय संघात होते. सामना ऐन रंगात असताना २० डिसेंबरला ते दोघे कटकला श्रीलंकेविरुद्ध ट्वेंटी-२० सामना खेळत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या सामन्याच्या वेळी पडिक्कल इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेसाठी भारतीय संघात होता आणि प्रसिध दुखापतग्रस्त होता. परंतु हे कारण हुबळीत लागू पडत नाही. तेथे सर्व प्रमुख खेळाडू हजर होते आणि पराभव सर्वांत एकतर्फी झाला.

तिसरे कारण मैदानांचे. आठपैकी चार सामने घरच्या मैदानांवर, दोन तटस्थ ठिकाणी आणि दोन प्रतिस्पर्ध्याच्या घरी झाले. निकाल सर्वत्र सारखाच. हुबळी तर या संघाला लाभलेले मैदान मानले जाई. जानेवारी २०२४ मध्ये येथेच पंजाबला ७ गड्यांनी हरवताना पडिक्कलने १९३ धावा केल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध आर. स्मरणने नाबाद २२७ धावा काढल्या आणि कर्नाटकने तो सामना एक डाव १८५ धावांनी जिंकला. तेव्हा खेळपट्टीला बोल लावण्यातही अर्थ नाही.

चौथे कारण गुणवत्तेच्या अभावाचे. ते सर्वांत कमकुवत आहे. याच काळात कर्नाटकने विजय हजारे करंडक २०१७-१८, २०१९-२० आणि २०२४-२५ मध्ये, तर सय्यद मुश्ताक अली करंडक २०१८-१९ आणि २०१९-२० मध्ये जिंकला. मर्यादित षटकांचे पाच करंडक जिंकणाऱ्या राज्यात गुणवत्ता नाही, असे कसे म्हणावे? उलट हीच गोष्ट निदानाचे दार उघडते. या दोन्ही स्पर्धांत प्रत्येक संघ एकच डाव खेळतो.

दुसऱ्या डावाचे दुखणे

वर दिलेल्या धावसंख्यांतील दुसरे आकडे वेगळे काढून पाहावेत : १५०, १९२, २३९, १७७, ११४, २३४, २४३. बाद फेरीतील पराभूत सामन्यांत कर्नाटकने सात वेळा दुसरा डाव खेळला आणि सातपैकी एकदाही २५० धावा केल्या नाहीत. पहिल्या डावांत ८८ पासून ४०७ पर्यंत मोठी तफावत दिसते. दुसऱ्या डावांत मात्र अपयशाचे सातत्य आहे.

याचे महत्त्व रणजीच्या नियमात आहे. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. आघाडी घेतलेल्या संघाने दुसऱ्या डावात नुसता वेळ काढून धावा जोडल्या, तरी प्रतिस्पर्ध्याची कोंडी होते. कर्नाटकला अशी आघाडी तीन वेळा मिळाली : विदर्भाविरुद्ध ११६ धावांची, सौराष्ट्रविरुद्ध ३९ धावांची आणि उत्तर प्रदेशविरुद्ध ९८ धावांची. तिन्ही सामने ते हरले.

कोलकात्याच्या सामन्यात करुण नायरने पहिल्या डावात १५३ धावा करून सामना कर्नाटकच्या बाजूला झुकवला होता. विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकसमोर १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. रजनीश गुरबाणीने त्या डावात ७ आणि सामन्यात एकूण १२ गडी टिपले. वरची फळी कोसळल्यावर विनय कुमार, मिथुन आणि श्रेयस गोपाळ यांनी तळाला झुंज दिली म्हणून अंतर ५ धावांवर आले. आलूरला ९८ धावांची आघाडी हाती असताना दुसरा डाव ११४ धावांत आटोपला आणि उत्तर प्रदेशने २१३ धावांचे लक्ष्य पाच गड्यांच्या मोबदल्यात गाठले.

साखळीतही हीच खूण दिसते. जानेवारी २०२४ मध्ये अहमदाबादला गुजरातविरुद्ध ११० धावा हव्या असताना बिनबाद ५० वरून कर्नाटकचा संघ १०३ धावांत बाद झाला आणि सामना ६ धावांनी गमावला. डावखुरा फिरकीपटू सिद्धार्थ देसाईने त्या डावात ४२ धावांत ७ गडी बाद केले.

चौथ्या-पाचव्या दिवशी खेळपट्टी झिजलेली असते, फिरकीला हात मिळतो आणि जुना चेंडू उलट्या दिशेने वळू लागतो. त्या वेळी धावांच्या वेगापेक्षा एक सत्र टिकून राहण्याला मोल असते. मर्यादित षटकांत वाढलेल्या फलंदाजाला पहिल्या डावात शतक काढणे जमते. पण २० षटकांत ३० धावा करून गडी राखण्याची सवय त्याला तितकी नसते. इतर राज्यांतील तरुणांचीही हीच स्थिती आहे, हे खरे. तथापि सौराष्ट्राजवळ चेतेश्वर पुजारा, शेल्डन जॅक्सन आणि अर्पित वसावडा होते आणि विदर्भाजवळ काही वर्षे वसीम जाफर होता. प्रत्येक मोठ्या सामन्यात कर्नाटकला अशाच कोणीतरी रोखून धरले.

गोलंदाजीची बाजू

सारा दोष फलंदाजांच्या माथी मारणे योग्य नव्हे. २०१३ ते २०१५ च्या यशामागे विनय कुमार, अभिमन्यू मिथुन आणि एस. अरविंद हे त्रिकूट होते. तिघेही वर्षानुवर्षे एकत्र गोलंदाजी करीत आले होते. एका बाजूने दाब ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने गडी काढायचा, ही त्यांची रीत होती. अरविंद २०१८ मध्ये निवृत्त झाला, विनय कुमार २०१९ मध्ये पुदुच्चेरीकडे गेला आणि मिथुनने २०२१ मध्ये निवृत्ती घेतली. त्यांच्या जागी आलेले गोलंदाज गुणी आहेत. प्रसिध भारताकडून खेळला, व्ही. कौशिक आणि विद्वत कावेरप्पा यांनी साखळीत संघाला सामने जिंकून दिले. परंतु जमलेली भागीदारी फोडण्याचे कसब या काळात उणे पडले.

२०१८-१९ च्या उपांत्य सामन्यात बेळगावच्या रोनित मोरेने पहिल्या डावात ६० धावांत ६ गडी घेऊन सौराष्ट्रला २३६ वर रोखले होते. २७९ धावांच्या पाठलागात सौराष्ट्रची अवस्था ३ बाद २३ झाली, तेव्हा चिन्नास्वामी मैदानावर निकाल ठरल्यासारखा वाटत होता. तेथून पुजारा आणि जॅक्सन यांनी २१४ धावांची भागीदारी केली. पुजारा १३१ धावांवर नाबाद राहिला, जॅक्सनने १०० धावा केल्या. पुढच्या वर्षी बंगालचे ६७ धावांत ६ गडी बाद झाले होते. अनुष्टुप मजुमदारच्या नाबाद १४९ धावांमुळे बंगालने ३१२ पर्यंत मजल मारली आणि उत्तरादाखल कर्नाटक १२२ धावांत गारद झाले. २०२२-२३ मध्ये मयंकने २४९ धावा करूनही वसावडाच्या २०२ आणि जॅक्सनच्या १६० धावांपुढे ४०७ ही धावसंख्या अपुरी पडली.

हुबळीतही तेच घडले. शुभम पुंडीरच्या १२१ धावांच्या पायावर जम्मू-काश्मीरने ५८४ धावा उभारल्या. प्रसिधने पाच गडी घेतले, पण तोवर डाव हाताबाहेर गेला होता. मग आकिब नबीने ५४ धावांत ५ गडी घेऊन कर्नाटकला २९३ वर थोपवले. त्यांतील १६० धावा एकट्या मयंकच्या होत्या. राहुल, करुण, पडिक्कल आणि स्मरण या चौघांनाही मोठी खेळी उभारता आली नाही. दुसऱ्या डावात कामरान इक्बाल नाबाद १६० आणि साहिल लोत्रा नाबाद १०१ अशा खेळ्यांनी जम्मू-काश्मीरने ४ बाद ३४२ पर्यंत मजल मारून उरलीसुरली धुगधुगीही संपवली.

गेलेले खेळाडू

दुसऱ्या डावात टिकणारा फलंदाज आणि भागीदारी फोडणारा गोलंदाज या दोन्ही गोष्टी अनुभवातून येतात. कर्नाटकने हा अनुभव गमावला, आणि त्यातला काही भाग थेट प्रतिस्पर्ध्यांच्या पदरात पडला.

गणेश सतीशचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २०१३-१४ च्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध हैदराबादला त्याने ११७ धावा केल्या होत्या आणि कर्नाटकचे विजेतेपद सुकर केले होते. पुढे तो विदर्भाकडे गेला. २०१७-१८ च्या त्या थरारक उपांत्य सामन्यात विदर्भाच्या दुसऱ्या डावात ८१ धावा काढणारा फलंदाज तोच होता. कर्नाटक ५ धावांनी हरले.

करुण नायरची कथा तशीच आहे. कसोटीत त्रिशतक करणारा हा फलंदाज २०२२-२३ मध्ये राज्याच्या संघातूनही बाहेर पडला आणि २०२३ मध्ये त्याने विदर्भाची वाट धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरला कर्नाटकविरुद्धच त्याने ९० धावा केल्या आणि कर्नाटक स्पर्धेबाहेर गेले. २०२४-२५ मध्ये त्याने रणजीत ८६३ धावा काढल्या, अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५ धावांच्या खेळ्या केल्या आणि विदर्भाला करंडक मिळवून दिला. त्याच वर्षी कर्नाटक साखळीतच बाद झाले होते. २०२५-२६ मध्ये तो स्वगृही परतला.

रॉबिन उथप्पा सौराष्ट्र आणि नंतर केरळकडे, स्टुअर्ट बिन्नी नागालँडकडे, श्रेयस गोपाळ एका हंगामासाठी केरळकडे गेला. गोव्याच्या वाचकांना तर ही ये-जा परिचितच आहे. अमित वर्मा, सी. एम. गौतम, के. व्ही. सिद्धार्थ हे कर्नाटकचे खेळाडू गोव्याकडून खेळले आहेत. प्रत्येक बदलामागे वेगळे कारण असते. कोणाचे वय झालेले असते, कोणाला संधी हवी असते, कोणाची जागा तरुणाने घेतलेली असते. ज्या राज्यात खेळाडूंची रांग लागलेली असते, तेथे तिशी ओलांडलेल्या फलंदाजाला थांबवून ठेवणे निवड समितीला अनावश्यक वाटू शकते. त्याची किंमत साखळीत कळत नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्या डावात कळते.

कर्णधारपदाचेही तसेच. या आठ सामन्यांत विनय कुमार, मनीष पांडे, करुण नायर, मयंक अगरवाल आणि देवदत्त पडिक्कल अशा पाच जणांनी संघाचे नेतृत्व केले.

म्हैसूरचा धडा

हुबळीचा पराभव पाहणाऱ्या जुन्या रसिकांना जानेवारी २०१० ची आठवण होणे स्वाभाविक होते. तेव्हाही अंतिम सामना बंगळूरबाहेर, म्हैसूरच्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर झाला होता. मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १३० धावांत बाद झालेल्या कर्नाटकने ३३८ धावांचा पाठलाग करताना मनीष पांडेच्या १४४ धावांच्या जोरावर ३३१ पर्यंत मजल मारली आणि केवळ ६ धावांनी करंडक गमावला.

त्या पराभवानंतर काय घडले, हे अधिक महत्त्वाचे आहे. कर्णधार उथप्पा, विनय कुमार, मिथुन, पांडे, गणेश सतीश, गौतम ही मंडळी विखुरली नाहीत. चार वर्षांनी विजेता ठरलेल्या संघाचा कणा याच खेळाडूंचा होता. त्यात राहुल, करुण, श्रेयस गोपाळ यांची भर पडली होती. पराभवातून मिळालेला अनुभव संघातच राहिला आणि त्याचे व्याज मिळाले. २०१५ नंतरच्या प्रत्येक पराभवानंतर मात्र संघाचा कोणता ना कोणता खांब निखळत गेला. दोन कालखंडांतील हा फरक गुणवत्तेतील फरकापेक्षा मोठा आहे.

हुबळी-धारवाडचा वाटा

उत्तर कर्नाटकाचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. गदगचा सुनील जोशी शाळकरी वयात पहाटे सरावासाठी हुबळीला येई आणि शाळेच्या वेळेपर्यंत परत जाई. १९९५-९६ च्या विजेत्या हंगामात पाचशेहून अधिक धावा आणि पन्नासहून अधिक गडी अशी दुर्मीळ कामगिरी करून तो पुढे १५ कसोटी सामने खेळला. विनय कुमार दावणगेरेचा, रोनित मोरे बेळगावचा. झिजलेल्या खेळपट्टीवर तासन्‌तास एका टोकाने मारा करणारा गोलंदाज कर्नाटकला अनेकदा जिल्ह्यांनी दिला आहे.

राजनगरच्या मैदानाने या भागाला मोठे क्रिकेट दिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये वेस्ट इंडिज ‘अ’ संघाविरुद्ध पुजाराने येथेच नाबाद ३०६ धावा केल्या होत्या. जिल्ह्यातील मुलासमोर आज सर्वांत जवळचे व्यासपीठ मात्र राज्याच्या ट्वेंटी-२० स्पर्धेचे आहे. हुबळी टायगर्सने २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग आणि २०२३ मध्ये महाराजा करंडक जिंकून या शहराला अभिमानाचे क्षण दिले. त्यातून फटकेबाज आणि शेवटच्या षटकांतील गोलंदाज घडतात. पण कर्नाटकला ज्याची उणीव भासते, तो चौथ्या दिवशीचा खेळाडू घडण्यासाठी दोन डावांचे सामने खेळावे लागतात, आणि ते बंगळूरबाहेरील मुलांच्या वाट्याला जितके येतील तितका हा शोध लवकर संपेल.

विजेत्याकडून आणि गोव्यासाठी

हुबळीत जिंकलेल्या संघाकडे पाहिले तरी हेच निदान पक्के होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात केरळविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरचा पहिला डाव २८० धावांत आटोपला होता. केरळने २८१ केल्या होत्या. एका धावेच्या आघाडीने ते बाहेर पडले. त्यांनी संघ मोडला नाही. कर्णधार पारस डोगरा हिमाचल प्रदेशातून आलेला, चाळिशीच्या घरातील अनुभवी फलंदाज. त्याच्याभोवती आकिब नबी, पुंडीर, इक्बाल, लोत्रा, अब्दुल समद हे स्थानिक खेळाडू. प्रशिक्षक अजय शर्मा. एका वर्षानंतर तोच गट विजेता झाला.

गोव्याने १९८५-८६ पासून रणजी स्पर्धेत भाग घेतला आहे. २०२४-२५ मध्ये प्लेट गट जिंकून तो पुन्हा एलिट गटात आला आणि २०२५-२६ मध्ये कर्नाटकच्याच गटात खेळला. शिवमोग्याला झालेल्या त्यांच्या सामन्यात करुणच्या नाबाद १७४ धावांनी कर्नाटकने पहिल्या डावात मोठी आघाडी घेतली, तरी गोव्याने सामना अनिर्णित राखला. २०१६-१७ पासून गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र, मध्य प्रदेश आणि जम्मू-काश्मीर अशा पाच राज्यांना प्रथमच रणजी विजेतेपद मिळाले असेल किंवा, मध्य प्रदेशच्या बाबतीत, होळकर संघाचा काळ वगळता प्रथमच. मोठ्या परंपरेवाचूनही करंडक मिळतो, हे आता सिद्ध झाले आहे. आणि अनमोड घाटापलीकडच्या शेजाऱ्याचा अनुभव सांगतो की केवळ परंपरेवर तो मिळत नाही.

पुढील हंगामात काय पाहावे

कर्नाटक पुन्हा बाद फेरी गाठेल, हे भाकीत करण्यास फारसे धाडस लागत नाही. निदान खरे की खोटे, याची परीक्षा वेगळ्या ठिकाणी होईल. २०२५-२६ च्या संघातील मधली फळी आणि मुख्य गोलंदाज पुढील दोन-तीन हंगाम एकत्र राहतात का; मयंक आणि करुण यांच्यासारख्या तिशी ओलांडलेल्या फलंदाजांना जागा मिळत राहते का; कर्णधार तोच राहतो का; आणि बाद फेरीच्या दुसऱ्या डावात धावफलक अडीचशेच्या पुढे सरकतो का. हुबळीच्या पराभवाचे रूपांतर म्हैसूरच्या पराभवासारखे व्हायचे की कोलकात्याच्या, हे या चार गोष्टींवर ठरेल.